सहा हातांनी निवडलेले पिस्तूल

मी, ऑर्विल डेल मॅडक्स, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पिस्तूलविक्री व दुरुस्ती, पूर्वी स्टोनर काउंटीच्या शेरीफ कचेरीत नेमबाजीचा शिक्षक, राहणार हिकरी क्रीक रोड, राज्य केंटकी, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय कमजोर झाले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके ठिकाणावर असल्याचा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण खरेही सगळे नव्हते.

कलम १. राहते घर, ट्रक आणि बँकेतली शिल्लक माझे जावई डॅरिल कॉम्झ यांस द्यावी. माझी एकुलती एक मुलगी शॉना असती तर हे तिचेच होते. डॅरिलने तिच्यामागे दुसरे लग्न केले नाही आणि अकरा वर्षे दर रविवारी माझ्या टेबलाशी बसून माझ्या हातची करपलेली मक्याची पोळी बिनतक्रार खाल्ली. कलम ५ वाचल्यावर त्याला त्या प्रत्येक रविवारचा पश्चात्ताप होईल. तरीही घर त्यालाच द्यावे.

कलम २. दुकान, लेथ आणि कानशी माझा भागीदार वर्नन स्टिल्टनर यास. अट एकच. गिऱ्हाईक आले की आधी तपकिरी कागदावर त्याच्या हाताची आकृती काढायची, मगच काचेचे कपाट उघडायचे. पकड न हलवता बोट घोड्यापर्यंत पोचले पाहिजे. लपवून बाळगायचे पिस्तूल रोज अंगावर राहील असे असावे. घरी कपाटात ठेवलेल्या मोठ्या पिस्तुलाने आजवर कोणाला वाचवलेले नाही. ज्या गोळ्या भरून फिरायचे, त्याच दोनशे न अडता झाडून झाल्याशिवाय भरवसा ठेवू नये. पिस्तूल पर्समध्ये सुटे टाकून फिरणाऱ्याला विकू नये, मग तो पाद्री का असेना.

कलम ३. शेजारी लॉनी ग्रेबील यास माझा रुंद, जाड चामड्याचा पट्टा. त्याने ते चकचकीत, विटेएवढे पिस्तूल घेतले तेव्हा मी विचारले होते, "लॉनी, लपवायला घेतोयस की मिरवायला?" तो म्हणाला, "तुला जळायचंय तर जळ की!" पुढे चर्चच्या जेवणात बीन्सचे पातेले उचलताना त्या ओझ्याने त्याची पँट घोट्यापर्यंत आली. पट्टा आधी घ्यावा, पिस्तूल नंतर, हे त्याला आता तरी पटावे. माझी शिडी मात्र त्याने परत करावी.

कलम ४. नेमबाजीच्या मैदानाची बारा एकर जमीन मी काउंटीला आजवर फुकट वापरू दिली. ती काउंटीच्या नावे करावी, पण शेरीफच्या हाताखालच्या प्रत्येक डेप्युटीचा हात मोजून त्याच्या मापाचे पिस्तूल देण्याचा ठराव झाला तरच. ठराव न झाल्यास जमीन लॉनीच्या गाईंना चरायला द्यावी. कारण पुढील कलमात आहे.

कलम ५. चौदा वर्षांपूर्वी काउंटीसाठी नवे पिस्तूल निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मी सहा जणांना घेऊन तीन आठवडे परीक्षा घेतली. चिखलात बुडवून झाडले, बर्फात ठेवून झाडले, ओल्या हातमोज्यांनी झाडले, गाडीत पट्टा लावून बसल्या बसल्या उपसून पाहिले. अव्वल आले ते जाड मुठीचे. कमरेला सर्वांच्या एकच पिस्तूल हवे, म्हणजे अडचणीत एकाचे गोळ्यांचे मॅगझीन दुसऱ्याला चालते, असे मी सभेत ठासून सांगितले. ते खोटे नव्हते. पण परीक्षा घेणारे सहाही हात माझ्यासारखे, फावड्याएवढे होते.

शॉना तेव्हा डेप्युटी होती. तिचा हात आईवर गेला होता, लहान. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "डॅडी, बोट नीट पोचत नाही. मूठ फिरवून धरावी लागते."

मी म्हणालो, "हात शिकेल."

"बूट लागला तर पाय शिकतो का कधी? दुकानात गिऱ्हाइकाला असं सांगता?"

"वर्दीत असताना बापाला उलट बोलायचं नाही."

ती हसली आणि तेच घेऊन उभी राहिली. बारीक मुठीचे पिस्तूल त्याच परीक्षेत तिसरे आले होते, अवघे चार गुण कमी. ते मागण्याची माझी हिंमत झाली नाही. त्या वेळचे शेरीफ सर्वांसमोर म्हणाले होते, "ऑर्विल, आता तुझ्या पोरीसाठी काउंटीने खेळणं आणायचं का?" लोक हसले. तपासणीच्या कागदावर 'हाताला योग्य' असा रकाना असतो. तिच्या नावापुढे त्यात 'होय' लिहिले ते मी.

तीन वर्षांनी, भर दुपारी, तिने रस्त्यावर एक गाडी थांबवली. चालवणाऱ्याने गोळी झाडली. शॉनाची पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली नाही. मूठ फिरवून धरलेले पिस्तूल हातात ढिले राहिले, त्यामुळे पहिल्या गोळीचे रिकामे कवच पुरते बाहेर न पडता वरच्या फटीतच अडकले होते.

चौकशीच्या कागदात 'डेप्युटीची पकड सदोष' असे लिहून आले आणि शिक्षक म्हणून खाली सही करायला माझ्यापुढे ठेवले. मी सही केली. माझ्या पोरीच्या मरणाचा दोष मी माझ्या हाताने तिच्याच नावावर लिहिला आणि अकरा वर्षे तो तिथेच राहू दिला. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. ते काउंटीच्या सभेत मोठ्याने वाचावेत. पकड सदोष नव्हती. पिस्तूल तिच्या हाताचे नव्हते, आणि हे जगात सर्वांत आधी मला ठाऊक होते.

कलम ६. ठाऊक कसे, ते असे. शॉना पाच वर्षांची झाल्यापासून अठराची होईपर्यंत दर वाढदिवसाला मी दुकानाच्या तपकिरी कागदावर तिचा हात काढत असे. पेन्सिल बोटांमधून फिरली की तिला गुदगुल्या व्हायच्या, म्हणून प्रत्येक करंगळी वाकडी आली आहे. हे चौदा कागद कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. ते माझी नात ब्रिन हिला द्यावेत. आईचा हात केवढा होता ते तिने स्वतः पाहावे.

कलम ७. ब्रिन आता बावीस वर्षांची आहे. शरद ऋतूत ती डेप्युटीच्या प्रशिक्षणाला जाणार आहे. काउंटीकडे अजून तेच पिस्तूल आहे. तीन आठवड्यांपूर्वी जेवताना तिने मला विचारले, "पपॉ, खरं सांगा, आईची पकड वाईट होती का हो? म्हणजे मी तरी तसं करणार नाही." मी म्हणालो, "बीन्स गार होतायत, खाऊन घे." ती खाली मान घालून जेवली. बशी उचलताना मी तिच्या हाताकडे पाहिले. तो शॉनाचाच हात आहे.

म्हणून हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचे नाही. मेलेल्या माणसाला कोणी काही विचारू शकत नाही, आणि मला ती सोय नको आहे. येत्या रविवारी चर्चनंतर, माझ्या टेबलाशी, डॅरिल आणि ब्रिन समोर असताना, मी ते स्वतः वाचून दाखवणार आहे.

कलम ८. माझी शवपेटी माझी बायको ओपल हिच्या शेजारी पुरावी. शॉना तिच्या दुसऱ्या बाजूला आहे, तिच्याजवळ जागा मागण्याचा मला हक्क नाही. पेटी उचलायला सहा जण लागतात. पाच जणांशी बोलून ठेवले आहे. सहावी जागा ब्रिनची. रविवारनंतर ती आली नाही तर तिला कोणी निरोप पाठवू नये, समजावू नये आणि तिच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करू नये. पाच जणांना जड जाईल. जाऊ द्यावे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: ऑर्विल डेल मॅडक्स

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना समक्ष पाहिले; मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळणार नाही.
साक्षीदार १: डार्लीन हप, केशकर्तनकार
साक्षीदार २: एझ्रा टॉलिव्हर, पाद्री

स्थळ: हिकरी क्रीक रोड, स्टोनर काउंटी, केंटकी
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार