चार पॉइंट आठ

५ सप्टेंबर
चार पॉइंट सात गिगाहर्ट्झवर चालला! चार पॉइंट दोनचा म्हणून घेतलेला प्रोसेसर – आणि तोही नुसत्या हवेवर गार ठेवून. वर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, दोन पंखे, बास. कॉम्प्युटरवर मोल्डचं, म्हणजे साच्याचं, सिम्युलेशन जेवायच्या आधी लावलं, जेवून येते तो संपलेलं!

ओरडले वाटतं मी. खालच्या शेडमधून तात्या वर आले. दारातच उभे. "काय झालं गं?" म्हटलं, घाईची ऑर्डर आली की तुम्ही लेथचा स्पीड वाढवता ना, तसंच केलंय. तर चक्क आत आले. कॅबिनेटच्या मागे तळहात धरला. "तापतंय की. आजून पळंल का?"

मी साखरपुडा मोडल्यापासून त्यांनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

९ सप्टेंबर
तात्यांनी पत्र्याचा डक्ट करून आणला. खिडकीतली हवा थेट पंख्याच्या तोंडाशी. कडा घासून गुळगुळीत – माझा हात कापू नये म्हणून. सहा डिग्री उतरले! त्यांनी आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली, "मला त्यातलं काय दिसणार? बाप-लेक बोलायला लागलात, तेवढं पुरे."

जाताना तात्या म्हणाले, "यंदा खंडेनवमीला ह्ये बी खाली आणायचं. यंत्रच हाय ना? लेथशेजारी ठिवू."

१४ सप्टेंबर
तात्या रोज संध्याकाळी हात धुऊन वर येतात. "किती झालं?" आज मी चार पॉइंट आठ करायला गेले आणि निळा स्क्रीन, सगळं ठप्प. तात्यांचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. मग व्होल्टेज वाढवलं. जरा जास्तच वाढवलं, खरं तर – पण चालला! "मानलं तुला, राव!" म्हणाले. मला! उद्या व्होल्टेज कमी करीन.

२० सप्टेंबर
व्होल्टेज कमी करायचं राहिलंच.

२८ सप्टेंबर
काय करून बसले मी.

शेडमध्ये खंडेनवमीची सफाई चालू होती. मी चिखलीच्या बाजारात गेलेले. तात्यांनी सगळ्या मशीनना हवा मारली, तशी माझं कॅबिनेट खाली नेऊन त्यालाही मारली, पुसून परत जागेवर आणून ठेवलं. मी येऊन बटण दाबलं – काही नाही. स्क्रीन काळा. कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येतं, हे शेडमध्ये कुणालाही माहीत आहे! तशीच खाली गेले आणि सगळ्या कामगारांसमोर – "तुम्हाला काय कळतं त्यातलं? लेथ आहे का ती?"

तात्यांच्या हातात अजून हवेची गन होती. आमचे जुने ऑपरेटर रोहिदासकाका म्हणाले, "तेजू, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून दिलं व्हतं त्यांनी. माझ्यासमोर." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार लोकांत! त्यांच्याच शेडमध्ये. कुठून आलं हे माझ्या तोंडात?

२९ सप्टेंबर
कॉम्प्युटर पिंपरीला कुलदीपच्या रिपेअरच्या दुकानात नेला. त्याने उघडून पाहिला. "पाण्याचा थेंबही नाही मॅडम. उलट मस्त साफ केलाय कुणीतरी. पण व्होल्टेज एवढं कुणी चढवलं?"

मी.

सेटिंग मूळच्यावर आणलं तर सुरू झाला. "प्रोसेसर भाजलाय पण. आता पळवू नका. नेहमीचं काम झेपलं तरी नशीब."

घरी आले तेव्हा तात्या जेवत होते. सगळं सांगितलं, रडले, चुकलं म्हटलं. "आसू दे," म्हणाले आणि आईकडे अर्धी भाकरी मागितली. सुटले बाई!

३० सप्टेंबर
तात्या आज वर आले नाहीत. शेडमध्ये काम असेल.

बोलले शेडमध्ये आणि माफी मागितली स्वयंपाकघरात – हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. उद्या सगळ्यांसमोर बोलायचं. नक्की.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मीच कॅबिनेट खाली नेलं, लेथशेजारी ठेवलं. तात्यांनी लेथला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग ड्रिलला, कॉम्प्रेसरला, मापं घ्यायच्या व्हर्नियरलासुद्धा. माझ्या कॅबिनेटपाशी आले आणि थांबले. पूजेचं ताट माझ्या हातात दिलं.

"तुझं तू कर. आमाला काय कळतं त्यातलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं.