हुंडी फोडायची नाही

१४ मे, बुध.
"येवढी मोठी पिशवी दिलीस, मग पालवी का नाय गो आली?" मंदाकाकीने आज कामावरच्या सगळ्या बायकांसमोर विचारलं.
साठ हापूस कलमं. गेल्या जूनमध्ये छोट्या पिशवीतून मोठ्या पिशवीत मीच भरली, नोकरीच्या पहिल्या महिन्यात. शेजारच्या ओळीत यंदाची कलमं छोट्या पिशवीत असून दोनदा पालवली. ही उंच आहेत, पण वर्षभर तेवढीच. पानांची टोकं जळलेली.
"खत कमी पडलं असेल," म्हटलं. खोटं. खत मीच घातलंय.
का पालवत नाहीत, मला माहीत नाही. हे फक्त इथे. बाहेर मी कृषी पदवीधर. भाऊंनी त्यांच्या नर्सरीच्या पाटीवर तसं रंगवून घेतलंय.

१७ मे, शनि.
पाणी घालताना लक्षात आलं. मगभर ओतलं की खालच्या भोकांतून लगेच बाहेर. पिशवी उचलून पाहिली, हलकी. म्हणजे पाणी कडेकडेने पळतंय, मधे शिरत नाही. मधे काय आहे ते बघायचं तर हुंडी फोडायला हवी.
आणि मुळांभोवतीच्या मातीच्या त्या गोळ्याला इथे कुणी धक्का लावत नाही. मी सहावीत असताना मंदाकाकीने शिकवलेला पहिला नियम: हुंडी फुटली, कलम गेलं. ती तीस वर्षं कलमं बांधतेय. गेल्या जूनमध्ये मीसुद्धा पिशवी ब्लेडने अलगद कापली आणि अख्खी हुंडी तान्ह्या बाळासारखी उचलून नव्या पिशवीत ठेवली. साठ वेळा. "पोरीचा हात हलका हाय," भाऊ म्हणाले होते. घरी जाऊन आईला सांगितलं होतं मी ते.

२२ मे, गुरु.
एक कलम नळाखाली धरलं. माती धुऊन गेली आणि आत छोटी पिशवी तशीच. प्लॅस्टिकची नव्हे, मुळांची. तसाच आकार, तळाची घडीसुद्धा. सोटमूळ तळाला टेकून वळलेलं, मग गोल, गोल, तीन वेढे, बोटाएवढं जाड. नव्या मातीत एकही पांढरं मूळ नाही. वर्षभर मोठ्या पिशवीत राहून ते छोटीतच फिरत होतं.
मंदाकाकी वाकून बघत राहिली. मग हळूच, "ह्ये असं असतं आत?" थोड्या वेळाने, "मी कधी बघितलंच नाय गो."
मी तर शिकले होते. दापोलीला, दुसऱ्या वर्षाला. पिशवी बदलताना वेढे कापावेत. एक ओळ. परीक्षेत लिहिलीही होती. पण हातात कलम आलं तेव्हा…

२३ मे, शुक्र.
भाऊंना मूळ दाखवलं. उलटंसुलटं करून पाहिलं त्यांनी. "जमिनीत गेलं की सुटतं."
"जून झालेलं मूळ नाही सुटत, भाऊ. वेढे एकमेकांना आवळतात. कातळावर तर आणखी वाईट. चार-पाच वर्षांत झाड वाऱ्याने आडवं होईल."
"पाच वर्षांनी कोण येतंय विचारायला? कुणी पाणी नाय दिलं, कुणाच्या गुरांनी खाल्लं, शंभर कारणं."
मग माझा चेहरा बघून हसले. "बरं, पाच घे. कर तुझे प्रयोग. बाकीच्यांना हात लावू नको. आणि बाहेर बोलायचं नाय. तू घरची आहेस."
वाईट माणूस नाहीत. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते.
घरची, हे खरं आहे. बाबा त्यांच्या बागेचे राखणदार, आमची खोली त्यांच्या बागेत. बागेच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या आत जन्मले. शिकून परत आले तीही त्याच गडग्याच्या आत, फक्त दुसऱ्या टोकाला. आई सगळ्यांना सांगते, "लेक भाऊंकडे हापिसर हाय."

२६ मे, सोम.
पाच कलमं. हुंडी फोडली, वेढे कापले, वरची निम्मी पानं काढली, सावलीत ठेवली. दुपारपर्यंत पाचही माना टाकून.
मंदाकाकी: "मारलीस."

३ जून, मंगळ.
राजापूरकडचं जोडपं आलं होतं, चंद्रकांतदादा आणि शालिनीवहिनी. दादा मुंबईत वॉचमन होते, आता कायमचे गावाला. दोघांनी मिळून कातळात पन्नास खड्डे खणलेत, पहारीने. नदीकडची माती टोपलीने वाहून भरली. दादांच्या तळहातांना फोड होते.
ओळी बघत बघत ते नेमके मोठ्या पिशव्यांपाशी थांबले. "हीच द्या. अंगाने भरलीत."
"नजर हाय तुमची," भाऊ म्हणाले. "दोन वर्षांची कलमं हायत."
वहिनी माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या. धरतील ना आमच्या कातळावर?"
भाऊ बाजूलाच उभे.
"पाणी नीट द्या," मी म्हटलं.
त्या मान डोलावून गेल्या. उत्तर मिळालं असं वाटलं त्यांना. २३ तारखेला टेम्पो घेऊन येणार.

४ जून
पाणी नीट द्या. पाणी नीट द्या. दिवसभर तेच डोक्यात.

१२ जून, गुरु.
पाचांतली दोन गेली. काळी पडली. तीन उभी आहेत, पण काडीसारखी.
मंदाकाकी जेवताना: "तुझंपण तसंच झालंय बाय. दापोलीला जाऊन आलीस, तरी फिरतंस आमच्याच भोवती." बायका हसल्या. मीही हसले. मग ताटलीतला निम्मा भात टाकला.
कलमाची आणि माझी तुलना करायची नाही, असं ठरवलंय. कलमाला बोलता येत नाही. मला येतं, तरी.

१९ जून, गुरु.
तिन्ही कलमांना पालवी! तांबूस, लवलवती, नखाएवढी. एक पिशवी कापून पाहिली. कापलेल्या टोकांतून पांढरी मुळं, सरळ, चारी बाजूंनी. मंदाकाकीने बोट लावलं नाही, नुसती फुंकर मारली.
धावत भाऊंकडे. म्हटलं, मोठ्या पिशव्यांतली सगळी अशी कापू या. यंदा विकायची नाहीत. राजापूरवाल्यांना छोट्या पिशवीतली द्या.
"छोटी सगळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलीत. आणि कापल्यावर निम्मी मेली तर?"
"निम्मी तरी खरी जगतील."
भाऊ चष्मा पुसत बसले. "तुझा बा इथे किती वर्षं हाय?"
"माझ्या जन्माआधीपासून."
"मग? नीट ऱ्हावा ना."
धमकी नव्हती. मायेने म्हणाले. धमकी असती तर भांडता आलं असतं.
उद्या ते लग्नाला मुंबईला जातायत. सोमवारी सकाळी परत. टेम्पोही सोमवारीच.

२१ जून, शनि.
घरी सांगितलं, भाऊ यायच्या आत उद्या सगळी कापणार. आई भाकरी थापायची थांबली. "ह्याच्यासाठी शिकवलं तुला? उद्या त्यांनी जा म्हटलं तर ह्ये घर काय डोक्यावर घेऊन जाऊ?"
तिचं चूक नाही. चूल तिची, छप्पर त्यांचं.
"पन्नास झाडं कुणाची तरी पडतील. आपली नाय ना पडत?" तव्यावरची भाकरी करपली, ती तिने तशीच माझ्या ताटात टाकली.
बाबा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने दगडावर लोखंड घासल्याचा आवाज. माझी छाटणीची सुरी होती. धार अंगठ्यावर बघून त्यांनी ती माझ्या पिशवीत ठेवली.
"ऊन चढायच्या आत आटप," एवढंच म्हणाले.

२२ जून, रवि.
आधी फोन केला. दादांना सगळं सांगितलं: मूळ कसं आहे, ते मीच कसं भरलं, त्या दिवशी मी काय बोलले नाही, आणि कापली तर लावणी पुढच्या पावसाळ्यात. दादा: "खड्डे तयार हायत हो ताई. माझं वय काय आता… एक वर्ष म्हणजे…" वहिनींनी फोन घेतला.
"कापलेल्यांतली जगतात किती?"
"पाचांतली तीन जगली."
"मग जगतील ती आमच्यासाठी ठेवा. टेम्पोवाल्याला नको सांगते." फोन ठेवता ठेवता, "त्या दिवशीच सांगायचं होतंत ना, ताई."
हो.
सात वाजता नर्सरीत. आज सुट्टी, तरी मंदाकाकी दारात उभी. तिला कुणी सांगितलं, विचारलं नाही. पहिली हुंडी तिने फोडली, डोळे मिटून. मग उघडले आणि म्हणाली, "दे गो सुरी. तुझा हात हलका हाय, इथे हलका हात चालत नाय."
चोपन्नही हुंड्या फोडल्या. वेढे कापले, पानं कमी केली, नव्या मातीत भरून सावलीच्या जाळीखाली लावली. अकरा वाजता सगळ्यांनी माना टाकल्या. बघवत नव्हतं. दोन टोपल्या भरून मुळं निघाली, अजूनही पिशवीच्या आकाराची.
त्यातला सगळ्यात जाड वेढा भाऊंच्या टेबलावर ठेवला. खाली चिठ्ठी: 'चोपन्न कलमांची मुळं कापली. राजापूरला फोन केला. मी केलं. बाबांचा संबंध नाही.' मंदाकाकीने चिठ्ठी अडखळत वाचली, पेन मागितलं आणि 'मी' च्या पुढे 'आणि मंदा' लिहिलं.
माझ्याकडची ऑफिसची किल्ली चिठ्ठीवर ठेवणार होते. नाही ठेवली. माझ्याच ओढणीच्या टोकाला बांधून आणलीय. उद्या आठ वाजता मीच उघडणार.