टाकीच्या झाकणावरची पिशवी

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. होतास तेव्हा एकाच घरात राहायचो, पत्र कशाला लिहायचं? आणि बोलायचो तरी कुठे धड! तू ओरडायचास, मी उलट ओरडायचो, मग आई मध्ये पडून दोघांनाही चोपायची. पण काल दुपारी सावित्री नदीत जे घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय आईला सांगायची माझी छाती होत नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे, अंगठ्याला चिंधी बांधलीय.

तुझं होडीचं इंजिन मी चालू केलं, दादा. पाच वर्षं पडवीत ताडपत्रीखाली पडून होतं. पाऊस तोंडावर आलाय, गावाने एक होडी घेतलीय, आणि सगळे माझ्या मागे लागले, "बाळ्या, तू कंपनीत फिटर हायस, दादाचं इंजिन तूच बघ." दोन महिने सुट्टीच्या दिवशी खपलो. कॉइल बदलली, रिंगा बदलल्या, पंखा सरळ केला. टाकी मात्र तुझीच ठेवली, ती लाल पत्र्याची.

काल वळवाचे चार थेंब पडत होते. होडी पाण्यात घातली, रस्सी ओढली, तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं! आईशप्पथ, डोळ्यांत पाणी आलं. दहा मिनिटं झकास पळालं. आणि मग दमलं. आवाज खाली, जोर खाली, फुस्स.

तुला माहीत आहे माझं डोकं. आधी प्लग काढून घासला. तोवर ते थंड झालं, परत चालू केलं, परत दहा मिनिटांत गचकलं. मग कार्बोरेटर खोलला, फुंकर मारून साफ केला. गाळणी बघितली, लखलखीत. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बघितली, ती पण बरोबर पडत होती. तरी परत तेच! तेव्हा माझी सटकली. लाथ घातली मी त्याला. पान्हा घेऊन कव्हरवर एवढे घाव घातले की कव्हर फुटलं आणि माझ्या अंगठ्याचं नख उडालं. "मेल्या, माझा भाऊ खाल्लास, आता मला पण खा!" असं ओरडत होतो. काठावर कपडे धुणाऱ्या बाया उठून गेल्या.

रक्ताने माखलेल्या हाताने मी नळीवरचा तो रबरी फुगा दाबला, पेट्रोल पुढे ढकलायला. तो आधीच चपटा झालेला. सोडला तरी फुगेना. म्हणजे टाकीतून पेट्रोल येतच नव्हतं. मी नळी धरून मागे मागे गेलो, टाकीपर्यंत. टाकीच्या झाकणावर खताची जाड पिशवी होती, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलेली. ती आत ओढली जाऊन झाकणाला घट्ट चिकटली होती. मी ती फाडली. सूंऽऽ करत हवा आत गेली. रस्सी ओढली, आणि इंजिन बंद होईना, दादा. अर्धा तास झाला तरी बंद होईना.

ती पिशवी कोणी बांधली होती? मीच. सकाळी, पाऊस बघून, सवयीने. आपल्याकडे कशाला पिशवी बांधत नाहीत? मोबाइलला, काडेपेटीला, गाडीच्या सीटला, देवाच्या फोटोलासुद्धा! टाकीत पाणी जाऊ नये म्हणून मी बांधली. आणि त्या झाकणावर हवा आत जायला बारीकसं भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल पुढे येत नाही.

पुराच्या दिवशी पण मीच बांधली होती, दादा.

आठवतंय तुला? पहाटेपासून पाणी चढत होतं, वर घाटात दरडी कोसळत होत्या, आणि खालच्या आळीतली माणसं पत्र्यावर चढून बोंबलत होती. तू आणि सदा इंजिन होडीला लावत होतात. सदाने घरून कॅनमधून पेट्रोल-ऑइल आणून टाकीत ओतलं. पाऊस तर नुसता बदडत होता. मी म्हटलं, टाकीत पाणी जाईल. तू तिकडे ओरडत होतास, तुझं लक्ष नव्हतं. मी पिशवी बांधली, ट्यूबची पट्टी आवळली, आणि मनात म्हटलं, आज तरी दादा म्हणेल, शाब्बास.

आणि आता एक भांडण करायचंय तुझ्याशी. त्या भोकाचं काम काय, हे तू मला एकदा तरी सांगितलंस का? लहान असताना मी त्याला बोट लावलं तर तू माझ्या टाळक्यात पान्हा हाणलास. "हात लावू नको!" एवढंच. प्रत्येक गोष्ट मारूनच शिकवलीस. मारलेलं लक्षात राहिलं, भोक राहिलं नाही. कंपनीत एवढ्या टाक्या बघतो, त्यांच्या हवेच्या नळ्या मी स्वतः साफ करतो, तरी घरच्या टाकीकडे बघून डोक्यात उजेड पडला नाही. तुझ्यावर रागावू की माझ्यावर, सांग!

तुझ्या मागे काय झालं ते तुला ठाऊक नसेल. मधल्या धारेत इंजिन दमलं, होडी आडवी झाली, आणि वरून वाहत आलेल्या ओंडक्याने तिचे दोन तुकडे केले, एवढं तू पाहिलंसच. सदा आंब्याला अडकला म्हणून वाचला. तू तिसऱ्या दिवशी खाडीत सापडलास. मी तुला कपड्यांवरून ओळखलं, बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं.

पाचव्या दिवशी चिखलातून इंजिन आणि टाकी निघाली. टाकी उपडी केली तर पाणी! मी गावासमोर ओरडलो, "सदाने पेट्रोलात पाणी आणलं!" अरे, चार दिवस नदीत पडलेली टाकी, तिच्यात पाणी नाही तर काय दूध निघणार? पण तेव्हा एकानेही असं म्हटलं नाही. सदा तुझा लहानपणापासूनचा जोडीदार, तुला खांदा दिलेला. मी वल्हं उचललं आणि त्याच्यावर तुटून पडलो. त्याने डोक्यावर हात धरला. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी थांबलो नाही. त्याची बायको माझ्या पायाला मिठी मारून किंचाळत होती, "नको रे, मरंल तो!" मी तिलाही ढकललं. लोक बघत उभे होते. नंतर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं केलंस."

सदाने तक्रार केली नाही. एक शब्द बोलला नाही. बायकोला घेऊन पोलादपूरला सासुरवाडीला गेला तो गेलाच. आई अजून त्याचं नाव निघालं की थुंकते.

आज सकाळी मी पोलादपूरला गेलो. हायवेला पंक्चरचं दुकान आहे, तिथे बसला होता. डाव्या हाताने टायर उचकटत होता. उजवा मनगटातून वाकडा, बोटं मिटत नाहीत. मला बघून उठला नाही, पळालाही नाही.

मी म्हटलं, "सदा, पिशवी मी बांधली होती."

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "मीच फाडली ना ती. फुगा फुगंना तवा दादाला दिसली. मी फाडली, इंजिनानं जोर धरला पण. तवर ओंडका आला."

मी तिथेच खाली बसलो. विचारलं, "दादा काय म्हणाला?"

"काय म्हणणार! तुला आईवरून शिवी घातली."

दादा, तुझा शेवटचा शब्द म्हणजे मला दिलेली शिवी! मी हसलो, खरंच हसलो, आणि मग तिथेच रस्त्यात उलटी केली. सदाने तांब्याभर पाणी आणून दिलं, डाव्या हाताने.

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडलो. "मी हाड मोडत होतो तेव्हा तरी बोलायचंस! गावात तोंड काळं करून निघून आलास, आणि गप्प?"

त्याने टायर फिरवून घेतला. मग म्हणाला, "हात काय, वाकडा का होईना, जुळला. पण म्हातारीचा एक पोरगा नदीनं नेला. दुसऱ्यानं त्याला मारला, ह्ये मी तिला कसं सांगू? मग तिला कोण राहिला असता?"

मी त्याच्यासमोर डोकं पुढे केलं. म्हटलं, हाण, ती लोखंडी पहार घे आणि हाण. पाया पडतो, हाण! त्याने नाही मारलं. "घरी जा रे," म्हणाला, आणि पंक्चर काढायला बसला. त्याने एक जरी ठेवून दिली असती तर मी आज शांत झोपलो असतो. आता तेही नाही.

परत येताना पुलावर गाडी थांबवली होती, ते पण सांगून टाकतो. बराच वेळ खाली बघत उभा होतो. मग वाटलं, मी गेलो तर सदा जन्मभर गावाच्या लेखी गुन्हेगारच राहील. म्हणून घरी आलो.

आई आत भाकऱ्या थापतेय. दोनदा हाक मारून झाली, "बाळ्या, जेवायला ये रे बाबा, निवतंय." तिला माहीत नाही ती कोणाला वाढतेय. मी तुला शब्द देतो, पानावर बसण्याआधी तिला सांगणार. घास खाल्ला की माझी जीभ परत जड होईल, मला माझी खात्री नाही. मग ती मला घरात ठेवो, नाहीतर हाकलून देवो. संध्याकाळी गाव देवळात जमलं की तिथेही सांगणार, जे "बरं केलंस" म्हणाले त्यांच्या तोंडावर. पोलादपूरला सदाला आणायला जाणार नाही. यायचं की नाही ते तो ठरवेल.

ती तिसऱ्यांदा हाक मारतेय. उठतो.

तुझा,
बाळ्या