आमच्या गल्लीच्या मधोमध मारलेली रेघ

मधोमध? अख्खं शहर पडलं होतं रेघा मारायला, तिथे तुला आजीचीच गल्ली सापडली? बरं, मारली ती मारली, एका कडेनं तरी मारायची. आता माझा उंबरा एका वॉर्डात आणि समोरच्या शिवणवालीचा दुसऱ्या वॉर्डात. मधल्या पायऱ्या कोणाच्या, ते तुझ्या ऑफिसालाच ठाऊक.

एवढं आधी बोलून मोकळी झाले, आता रीतीनं लिहिते. चिरंजीव नातीला आजीचे अनेक आशीर्वाद. तब्येत बरी आहे ना? वेळेवर जेवतेस की नकाशावरच डबा उघडतेस? माझे गुडघे वाईट आहेत, पण दोन्ही सारखेच वाईट असल्यामुळे चाल सरळ राहते. तुझ्या मामाची पाठ दुखते म्हणे. पाणी भरायची वेळ टळली की थांबते. मामीला कधी काही होत नाही. अक्षर माझंच आहे, चार यत्तांत एवढंच बसलं. लागलं नाही तर परत वाच.

तर मागच्या खेपेला तू खाटेवर पाय सोडून बसली होतीस आणि वॉर्डांच्या हद्दी नव्यानं आखणार म्हणून मला समजावत होतीस. एकेका वॉर्डात वर्षानुवर्षं एकाच बाजूची माणसं भरली आहेत, कोण निवडून येणार ते आधीच ठरलेलं, आणि ज्याचं ठरलेलं तो कशाला हातपाय हलवतो. म्हणून आता दोन्ही बाजूंची माणसं साधारण सारखी पडतील अशा हद्दी आखायच्या, म्हणजे चुरस होईल आणि त्यांना दारोदार फिरावं लागेल. मला ते पटलं. (तुझं पटलं तर मी तोंडावर सांगत नाही, सवय लागते.) आमच्या नगरसेवकांना तर सगळे ‘कायमचे’ म्हणूनच ओळखतात. गल्लीतली सगळी मतं त्यांना, का म्हणशील तर बापही त्यांनाच द्यायचा. इतक्या वर्षांत एकदाच वर आले, तेही लग्नघर चुकून. माझ्या दारात धापा टाकत त्यांनी नव्या नवरीला आशीर्वाद दिला. ती तुझी मामी होती आणि तेव्हा तिच्या कडेवर दुसरं पोर होतं.

आमचा चढ तुला माहीत आहे. पायऱ्या फुटलेल्या, धरायला काही नाही. शिवणवाली त्यावरूनच घसरली आणि उजवा हात मोडून बसली. हात सांधला, पण त्यात जोर राहिला नाही. आता तिनं शिवलेल्या कपड्याची एक बाही लांब येते. (गल्लीत कोणाचा कपडा पडण्याच्या आधीचा आणि कोणाचा नंतरचा, हे लांबूनच कळतं.) तेव्हापासून ती आणि मी, दोघी खाली बाजारात गेलेलो नाही. मामाला पाठवलं की तो आठवेल ते आणतो, आणि त्याला फार आठवत नाही. त्या पायऱ्यांना एक कठडा पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

तू गेल्यावर मी विचार केला. आमची गल्ली पडली एकाच्या खिशात, आम्हाला कोण विचारणार? चुरस दिसली पाहिजे. म्हणून मी सगळ्यांना दारात गोळा केलं आणि सांगितलं की आजपासून अर्धी गल्ली कायमचेंची आणि अर्धी त्या चष्मेवाल्याची. हा चष्मेवाला म्हणजे नाक्यावर डोळे तपासतो तो. दर खेपेला उभा राहतो आणि दर खेपेला पडतो. त्याच्या बाजूला जायला कोणी तयार होईना, कारण तो काय म्हणतो ते कोणी कधी ऐकलंच नव्हतं. चिठ्ठ्या टाकाव्यात म्हणाले, पण आमच्यातल्या निम्म्यांना आपली चिठ्ठी संध्याकाळपर्यंत आठवली नसती. शेवटी मीच तोडगा काढला. माझ्या घराकडची बाजू कायमचेंची, समोरची बाजू चष्मेवाल्याची. दाराबाहेर आलं की कळतं आपण कोण. सोपं काम. (इथेच माती खाल्ली, पण तेव्हा सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं, मामानंसुद्धा.)

मग फलक लागले, झेंडे लागले, आणि भांडणाची तालीम सुरू झाली, कारण तुझ्या ऑफिसची माणसं आली तर गल्ली पेटलेली दिसायला नको का? मामा त्यात अगदी कुचकामी निघाला. समोरचा तावातावानं बोलला की हा मान हलवून म्हणायचा, तुमचंही बरोबर आहे. मामी मात्र तयारच होती, इतकी वर्षं कोणी संधी दिली नव्हती. पाणी, दिवे, गटार, सगळं मुद्देसूद मांडून तिनं समोरच्या ओट्यावरचे चार बाप्ये गप्प बसवले. मी आत भाजी निवडत होते, हातातली तशीच राहिली.

पण खोटं भांडण फार दिवस खोटं राहत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. शिवणवालीनं चष्मेवाल्याचं पत्रक वाचलं. मग परत वाचलं. मग ती त्या माणसावर विश्वासच ठेवायला लागली. एक दिवस खिडकीतून मला म्हणाली, “आजी, तुमच्या माणसाला इतक्या वर्षांत एक दगड सरळ बसवता आला नाही.” माझा माणूस! मी त्याला जन्मात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पण सगळी गल्ली बघत होती, म्हणून मीही ठणकावून सांगितलं की फुटक्या पायऱ्यांनी पायाला व्यायाम होतो. स्वतःच्या तोंडून हे ऐकून मलाच घाम फुटला. तिनं खिडकी लावली. त्यानंतर तिनं माझ्याकडून दोरा मागून घेतला नाही, मी तिच्याकडून कात्री आणली नाही.

आणि तरी, तुझं म्हणणं खरं ठरलं, हे लिहायला मला जड जातंय. चुरस दिसली आणि दोघेही वर आले. चष्मेवाला टेप घेऊन आला आणि कठड्याचं माप घेऊन गेला. ते कळताच कायमचे आले, या वेळी घर न चुकता, आणि त्यांनी दोन्ही बाजूंना कठडा देतो म्हटलं, वर रंगही विचारला. दोन दिवसांत लोखंडी पाईप येऊन पडले. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना खड्डे खणले. मी मनात बाजाराची पिशवीसुद्धा शोधून ठेवली.

तेवढ्यात तुझ्या ऑफिसचे दोघे आले. घराघरांत विचारलं, फलक बघितले, कागदावर खुणा केल्या. इतकी नीटनेटकी गल्ली त्यांनी कुठे बघितली नव्हती म्हणे: या हाताला सगळे एकाचे, त्या हाताला सगळे दुसऱ्याचे. तुला एका वॉर्डात कायमचेंची मतं कमी पडत होती आणि पलीकडच्या वॉर्डात चष्मेवाल्याची. तू गल्लीच्या मधून रेघ ओढलीस आणि दोन्ही वॉर्ड तोलून मोकळी झालीस. तुझ्या कागदावर चुरस झाली असेल. आमच्याकडे काय झालं ते ऐक. कायमचे आमच्या वॉर्डातून उभे, आणि आमची बाजू आपलीच आहे म्हणून निश्चिंत. चष्मेवाला पलीकडून उभा, आणि शिवणवालीची बाजू आपलीच म्हणून तोही निश्चिंत. दोघांची धावपळ आता खालच्या गल्ल्यांत, जिथे लोकांचं ठरलेलं नाही. आमचे पाईपही तिकडेच गेले. विचारायला माणूस पाठवला तर दोघांकडूनही एकच निरोप: पायऱ्या पलीकडच्या वॉर्डात येतात. खड्डे मात्र कोणी नेले नाहीत. काल मामाचा पाय त्यात गेला; आता पाठीबरोबर घोटाही दुखतो, आणि या खेपेला खरंच दुखत असावा, कारण तो काही बोलत नाहीये.

तेव्हा ती रेघ उचल आणि आमच्या परसामागच्या भिंतीला नेऊन टेकव. दोन्ही बाजू एका वॉर्डात घाल. हरकत घ्यायची मुदत अजून आहे असं मामी म्हणते, तर हे पत्र हीच माझी हरकत समज. नात म्हणून करू नकोस, चूक केलीस म्हणून कर.

तुझी आजी

ता. क. पत्र पाकिटात घालून मामाकडे दिलं होतं, तो टाकायला विसरला, ते एक बरं झालं. रेघ हलवू नकोस. मामीनं आमच्या वॉर्डातून अर्ज भरला. कोणाला विचारलं नाही, जेवताना सांगितलं: “मी उभी राहतेय, भात वाढू का?” मामा म्हणाला, तुझंही बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कायमचे स्वतः पाईपामागे चालत वर आले. आमच्या बाजूचा कठडा उभा राहिला. हिरवा.

ता. क. दुसरा. आमचा कठडा उतरताना डाव्या हाताला येतो. शिवणवाली तो धरून खाली उतरली, बाजार करून आली, आणि परत चढताना तोच कठडा तिच्या उजव्या हाताला आला. त्या हातात जोर कुठला? खालच्या पायरीवर पिशव्या घेऊन बसून राहिली. मामीनं तिला धरून वर आणलं. माझ्या ओट्यावर बसली आणि तिनं दोरा मागितला. तिच्या बाजूलाही कठडा हवा. पण तिकडे सगळे त्या चष्मेवाल्याचे, आणि ती बाजू आपलीच म्हणून तो काही वर फिरकत नाही. त्याच्या विरोधात त्या बाजूचं कोणी उभं राहायला धजत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच आहे. एका वॉर्डात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या वॉर्डातून उभं राहता येतं का? वयाची वरची मर्यादा काही आहे का? चार यत्ता चालतात का? कोणासाठी विचारते ते विचारू नकोस. आणि उत्तर तू द्यायचं नाहीस, तू नाही म्हणशील आणि वर माझे गुडघे काढशील. तुझ्या साहेबांनी द्यायचं, शिक्का मारून, आणि पत्र मामाच्या हाती न देता शिवणवालीच्या पत्त्यावर पाठवायचं.