जायफळ घातलेली कॉफी

४ जानेवारी १९६०, सोमवार

आजही हे गेले! कारखान्यात रात्रपाळीला निघताना सरळ फाटकाबाहेर नाही — आधी शेजारच्या क्वार्टरात. अन्नपूर्णाच्या हातची कॉफी प्यायला! तिचा नवरा कृष्णराव यांच्याच शिफ्टला. दोघं तिथे पितात आणि जोडीनं सायकली काढतात. इकडे मी चहा करून बसलेली. चहावर साय धरली, तो मोरीत ओतला.

म्हणे, "चहानं मले जाग राहत नाही वो. वरतं क्रेनमंदी बसलो का खाली मानसं काम करून राहतात. डुलकी लागली त कोनाचं तरी डोस्कं फुटन."

खरं आहे. म्हणून तर गप्प बसते. पण जागं राहायला शेजारीण कशाला लागते?

५ जानेवारी

भिंत एकच. वास येतोच. पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात — हात उंच करून ओतते, थेंब सांडत नाही. कडेवर पोर. आंध्राची बाई, हिंदी मोडकं, पण हसणं काही मोडकं नाही!

मला तो वास आवडतो. हेच जास्त झोंबतं.

७ जानेवारी

दुर्गहून राधाबाई आल्या. यांच्या मावशी, काका रेल्वेत. मी सहज कॉफीचा विषय काढला. सहज कसला!

"कॉफी? अवं, रगत आटते त्यानं! मानूस काया ठिक्कर पडते. छाती धडधड करते. अन् बाईमानसानं पेली त कूस जयते."

मी म्हटलं, अन्नपूर्णा रोज पिते, तिला तर मूल आहे.

"थे त्याईच्या मुलकाची. त्याईले पचते."

लग्नाला पाच वर्षं होतील. मी कॉफीचा घोटही घेतला नाही. मग माझी कूस कशानं जळली? हे राधाबाईंना विचारलं नाही.

जाताना उपाय मात्र सांगून गेल्या — "पाजाचीच असन त जायफय घालून पाज. मंग बाधत नाही."

जायफळ! पाहुणे आले की आई कॉफीत घालायचीच. मला कसं सुचलं नाही?

८ जानेवारी

कॉफीचा डबा आणवला. दुधात उकळली, साखर सढळ. आई चिमूटभर जायफळ घालायची, मी अर्धं उगाळलं. असा वास सुटला! भिंतीपलीकडे गेला असेल. जाऊ दे!

थर्मास भरून दिला. मधल्या सुट्टीत प्या म्हटलं. यांनी झाकण काढून हुंगलं. "आज मालकीन खूश दिसून राहिली." शेजारी गेले ते गेलेच, पण थर्मास माझा होता.

९ जानेवारी

क्रेनवर यांना झोप लागली. हूक तसाच पुढे गेला, खाली काम करणारा केवलराम उभा. कोणी तरी ओरडलं, तो खाली पडला म्हणून वाचला. खांदा सोलवटला. पुन्हा असं झालं तर क्रेन काढून घेईन, असं फोरमननं सांगितलं.

घरी आले ते पाणीसुद्धा प्यायले नाहीत. थर्मास रिकामा होता. "थे शेजारीन आता कॉफीत पानीच घालते. कायचा दम राहीन? आजपासून बंद."

बंद! मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. तिकडे एक माणूस मरता मरता वाचला आणि मला हसू येतं! देवा, मी कसली बाई आहे?

११ जानेवारी

कृष्णराव एकटेच सायकल काढतात. शेजारी सामसूम. मला सुख वाटायला हवं होतं.

हे चहा पिऊन जातात. सकाळी डोळे लालभडक. "मांडीले चिमटे घेत जागलो," म्हणाले. मांडी पाहिली. काळीनिळी.

१२ जानेवारी

अन्नपूर्णा आली. पोर कडेवर, डोळे सुजलेले.

"अक्का, भाईसाब पूरा शिफ्ट में बोला, मैं पानी डालती. मैं पानी नहीं डालती."

मी उगीच भांडी हलवत राहिले. सहाणेवर जायफळाचा उरलेला तुकडा होता. तिनं उचलून हुंगला. "ये थोड़ा घिसके बच्चा को देती. रात भर सोता." एवढं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मग थर्मासकडे.

माझ्या घरात पाळणा हलला असता तर मीही गुटी उगाळली असती. जायफळानं झोप येते हे मलाही कळलं असतं.

तिनं तुकडा होता तिथे ठेवला. "मैं किसी को नहीं बोलेगी, अक्का." आणि गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! हसणं तिचं, पोर तिचं, कॉफी तिची — आता चांगुलपणाही तिचाच?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन मी शेजारी गेले. सोबत थर्मास. तिनं काही न विचारता भरला.

निघताना यांनी हुंगलं. "कोनाची हाय?"

"तिची. अन् त्या राती झोप लागली थे माह्या कॉफीनं. जायफय मी घातलं होतं. तिनं पानी नाही घातलं कधी. जा, तिले तसं सांगून या."

यांनी झाकण घट्ट लावलं. मग थर्मास उचलला. फाटकाकडे नाही — आधी शेजारी गेले.

या खेपेला मीच पाठवलं.