दीड पानाची उडी

बाबा,

तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आणि आपल्या जुन्या भांडणाचा निकाल लागला तो परवा, इथे वेलिंग्टनमध्ये, मी काम करते त्या फार्मसीत.

तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या एका सोव्हिएत छत्रीधारी डिव्हिजनच्या इतिहासाचं मराठी भाषांतर करत होता, ते दिवस आठवा. पुण्याचं स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही पाटावर बसून रशियन शब्दकोश चाळताय आणि मी कॉलेजातून येऊन तुमच्या गिचमिड अक्षराची छापखान्यासाठी सुवाच्य नक्कल करतेय. पाचव्या प्रकरणाला मी विचारलं, "बाबा, हे छत्रीधारी ना? मग अख्खं युद्ध चालतच का जातायत?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "माणसं कमी पडत होती. पायदळ म्हणून लढवलं त्यांना." आई लाटणं न थांबवता म्हणाली, "मग मुखपृष्ठावर पॅराशूट कशाला?" दुसऱ्या दिवशी हस्तलिखितात दीड पान वाढलेलं: बर्फ, पहाट आणि आकाशातून अलगद उतरणारी सबंध डिव्हिजन. मुळात असलं काही नाही, असं मी म्हटल्यावर तुम्ही कडाडलात, "भाषांतर म्हणजे काय, हे तू मला शिकवणार?" मी नक्कल करताना ते दीड पान गाळून टाकलं. पुस्तक छापून आल्यावर, ते पान खिळे जुळवतानाच गळलं असं समजून तुम्ही छापखान्यातल्या कंपोझिटरवर जो राग धरलात तो शेवटपर्यंत. तुमचा इतका जुना स्नेही. दिवाळीला फराळ घेऊन आला, तरी तुम्ही पेपरातून डोकं वर काढलं नाहीत. त्या माणसानं काहीच केलं नव्हतं, बाबा. मी केलं होतं.

तर मंगळवारी, इथल्या वाऱ्यानं उलटी झालेली छत्री घेऊन एक आजोबा दुकानात शिरले. गुडघेदुखीचं प्रिस्क्रिप्शन. उच्चार ऐकून मी तुम्ही शिकवलेल्या रशियनमध्ये नमस्कार केला आणि ते फुललेच. अठराव्या वर्षी छत्रीधारी डिव्हिजनमध्ये भरती झाले होते म्हणे. मी वकिलासारखी पुढे वाकले. "युद्धात उडी मारताना भीती वाटायची?"

"कसली उडी? ऑस्ट्रियापर्यंत चाललो! युद्ध संपल्यावर आम्हाला परत विमानात बसवलं. पहिल्याच उडीत हा गुडघा गेला."

मी जिंकले होते. खुशीत त्यांना तुमच्या भाषांतराबद्दल सांगितलं. "मग तुझ्या वडिलांनी काय लिहिलंय आमच्याबद्दल?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो बर्फ, ती पहाट, तुमचं सगळं दीड पान, वाक्यामागून वाक्य, इंग्रजीत. मला ते पाठ होतं, हे मलाच माहीत नव्हतं. मागे रांग वाढत होती. आजोबा काउंटरला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

"आणि गुडघे?"

"सगळ्यांचे शाबूत."

ते इतके हसले की डोळे पुसायला टिश्यू द्यावा लागला. "तुझ्या वडिलांना युद्धातलं कळत होतं," म्हणाले.

हे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा खणातच राहील. एक कबूल करते: त्यांची डिव्हिजन तुमच्या पुस्तकातलीच होती का, हे मी विचारलं नाही. तिचा नंबर अगदी ओठांवर आला होता. मुद्दाम गिळला.