मुलचेऱ्याचा डबा

१ जुलै
आले एकदाची एटापल्लीला! ॲम्ब्युलन्सची हेल्पलाइन चालवणारी खासगी कंपनी, चंद्रपूर, मुलचेरा आणि इथे अशी तीन केंद्रं. प्रत्येक केंद्रात संगणकांचा एकेक क्लस्टर. आठ तारखेच्या उद्घाटनाआधी मला ते एकमेकांना जोडायचेत. इथलं केंद्र गावाबाहेर सागवानात आहे, मोबाईलला रेंज नाही, पण हवा काय सुरेख! प्रोग्राम ज्या कंटेनरांत चालतात त्यांना इथले जुने टेक्निशियन मुजफ्फरभाऊ 'डबे' म्हणतात. मीही आता डबेच म्हणणार.

३ जुलै
डोकं फिरलंय माझं. कुण्या आळशाने मुलचेऱ्याची मांडणी जशीच्या तशी इथे उतरवलीय. दोन्हीकडच्या डब्यांना तेच नंबर! इथून गाडी मागवली की कॉल मुलचेऱ्याच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडतो, आणि तो डबा वर 'मिळाला' असं उत्तर देतो. नंबर बदलायला आठ दिवस सगळं बंद ठेवावं लागेल. रेंजसाठी गावात जाऊन कंपनीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, उद्घाटन होऊ दे, तू 'दोष नाही' लिहून सही कर. जिवाशी खेळ चाललाय आणि ह्यांना फीत कापायची घाई. सही गेली खड्ड्यात.

५ जुलै
दुपारी ४.१०. मुलचेऱ्याचा डबा तपासत होते. त्यात एक कॉल आला: बुधरी, एटापल्ली केंद्र. साप चावला. गाडी पाठवा.
केंद्रात मी आणि मुजफ्फरभाऊ, दोघंच. त्यांनी वाकून ते नाव वाचलं.
"बुधरीबाई इथंच कामाले होती. मागच्या पावसाळ्यात चाचणी चालू असताना गेली, म्याडम. याच खुर्चीत. स्क्रीनवर 'मिळाला' येऊन राह्यलं होतं, म्हणून बसून राह्यली. गाडी काई आली नाई. साहेबाले तवाच सांगतलं होतं मी."
म्हणजे साहेबांना वर्षभर माहीत होतं. नीच माणूस.

६ जुलै
पुन्हा ४.१०. बुधरी. गाडी पाठवा.
साहेब स्वतः आले. सही नाहीतर राजीनामा, म्हणाले.
केली सही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

८ जुलै
उद्घाटन चंद्रपूरला. मुजफ्फरभाऊ जेवायला गावात गेलेत.
४.१० — कॉल. माझ्याच नावाने: रिना, एटापल्ली केंद्र. साप चावला.
मी काही दाबलेलं नाही. हा कसला चावट —

४.१३ — टेबलाखालून. पोटरीला. दोन दात.
कॉल केला. मिळाला.

४.२१ — मिळाला.

पापण्या मिटतायत — सही माझीच, माझीच — मुजफ्फरभाऊ, मुलचेऱ्याचा तो डबा उघडा, आम्ही दोघी त्यात —